फळमाशीची मनधरणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काचेच्या नळीतल्या फळमाश्या कुणाला दाखवल्या, की पहिली पाच मिनिटं लोक भिडेखातर बघतात. मग एखादा नर एक पंख आडवा पसरून मादीच्या मागे लागतो आणि प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. वर्षानुवर्षं तेच ते प्रश्न ऐकल्यावर उत्तरं एकदाची लिहून काढावीत असं वाटलं.

फळमाशी म्हणजे नेमकी कोणती? फळं सडवते तीच का?

इथे नावाचा घोळ आहे. बागायतदार जिला फळमाशी म्हणतात ती आकाराने घरमाशीच्या जवळपास जाणारी, चांगल्या फळाच्या सालीत अंडी घालणारी कीड. तिचं कूळ वेगळं. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत जिला फळमाशी म्हणतात ती ड्रोसोफिला मेलानोगास्टर. ही जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरची, लाल डोळ्यांची असते आणि पिकून आंबू लागलेल्या फळावर घोंगावते. तिला खरा रस फळापेक्षा त्यावरच्या यीस्टमध्ये असतो. या पानावर मुख्यतः तिच्याबद्दलच लिहिलं आहे. बागेतल्या मोठ्या माशीचाही एक प्रश्न पुढे आहे, कारण तिची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

नर कोणता, मादी कोणती?

मादी जरा मोठी, पोटाचं टोक निमुळतं. नराच्या पोटाचं टोक गोलसर आणि काळं. खात्री करायची तर भिंगाखाली पुढचे पाय बघा. नराच्या पुढच्या पायांवर काळ्या, जाड केसांची इवलीशी फणी असते. ही फणी लक्षात ठेवा, तिच्यावरून पुढे शंभर वर्षांचं एक कोडं सुटणार आहे.

नर नेमकं करतो तरी काय?

आधी तो मादीकडे तोंड करून उभा राहतो. ती हलली की तिच्यामागे चालू लागतो. जवळ पोचला की पुढच्या पायाने तिच्या पोटावर टकटक करतो. बघणाऱ्याला हे दारावर टिचकी मारल्यासारखं वाटतं, पण खरं तर तो चव घेत असतो. माशीच्या पायांवर चव ओळखणारे केस असतात आणि मादीच्या अंगावरच्या मेणचट थरातून ती कोणत्या जातीची, नर की मादी, हे त्याला कळतं.

मग तो एक पंख काटकोनात पसरून थरथरवतो. हे त्याचं गाणं. दोन्ही पंख एकदम नाही, एका वेळी एकच, आणि बहुधा मादीच्या बाजूचा. त्यानंतर मागून सोंडेने तिच्या जननेंद्रियाला चाटणं, पोट पुढे वळवून जोडी जमवायचा प्रयत्न करणं, आणि ती तयार असेल तर मीलन. ते साधारण पंधरा-वीस मिनिटं चालतं.

पुस्तकात या पायऱ्या एकाखाली एक छापलेल्या असतात, म्हणून लोकांना वाटतं की नर पाठ केलेला मंत्र म्हणतोय. तसं नाही. तो पायऱ्या गाळतो, मागे येतो, पुन्हा सुरुवात करतो. मादी थांबली, पळाली, वळली, तसा त्याचा पुढचा डाव बदलतो.

गाणं म्हणता, पण मला काहीच ऐकू आलं नाही.

येणार नाही. ते हवेत काही मिलिमीटरच्या पुढे जवळपास पोचतच नाही. मादीच्या डोक्यावरच्या शृंगिकेला पिसासारखा फाटे फुटलेला एक केस असतो. पंखाने हललेल्या हवेबरोबर तो डुलतो आणि शृंगिकेच्या आतलं इंद्रिय ते डुलणं टिपतं. म्हणजे कान आहे, पण पडदा नाही.

गाण्याचे दोन मुख्य प्रकार. एक सलग गुणगुण, सेकंदाला सुमारे १६० कंपनांची. दुसरं ठोक्यांचं गाणं, टक्-टक्-टक् असं. मेलानोगास्टरमध्ये दोन ठोक्यांमधलं अंतर साधारण ३५ मिलिसेकंद असतं. तिच्या अगदी जवळच्या सिम्युलन्स या जातीत ते याहून जास्त असतं. दोन्ही जातींच्या माश्या नुसत्या बघून भल्याभल्यांना वेगळ्या ओळखता येत नाहीत, पण ठेक्यात फरक आहे. १९६०च्या दशकात बेनेट-क्लार्क आणि यूइंग यांनी नरांचे पंख कापले आणि यंत्रातून कृत्रिम ठोके वाजवले. अंतर बरोबर असलं की माद्या त्या बिनपंखी, मुक्या नरांनाही लवकर स्वीकारत.

नर गाणं जागेवरच बेततो हेही आता माहीत आहे. मादी लांब असेल तर ठोक्यांचा जोर वाढतो, जवळ आली की कमी होतो. एवढ्याशा डोक्यात अंतराचा हिशेब चालतो याचं मला अजून नवल वाटतं.

मादी तर काहीच करत नाही. मग निवड कुणाची?

हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि माझ्या मते बघणाऱ्याची सगळ्यात मोठी चूक इथेच होते. नर नाचतो, गातो, धावतो, म्हणून डोळे त्याच्यावर खिळतात. पण निर्णय मादीचा असतो. तिने अंडनलिकेच्या तोंडाशी असलेले पडदे उघडल्याशिवाय मीलन होत नाही, आणि ते नराला बळाने उघडता येत नाहीत. तयार होत चाललेली मादी हळूहळू चालू लागते, थांबते. हा वेग मंदावणं हाच तिचा होकार, आणि तो बारीक मोजमाप केल्याशिवाय नजरेत भरत नाही. पाच मिनिटं नुसती मादीच बघा. खेळ अगदी वेगळा दिसेल.

नकार कसा देते?

लाथा मारते. पंख फडफडवते. पळून जाते, उडून जाते. कोवळी, नुकतीच कोषातून बाहेर आलेली मादी बहुतेक लाथाच झाडते. आधी मीलन झालेली मादी अंडी घालायची नळी मागे लांब काढून नराच्या तोंडासमोर धरते. तिच्या अंगावर आधीच्या नराने सोडलेला एक वासही असतो. सिस-व्हॅक्सेनिल ॲसिटेट हे त्याचं रासायनिक नाव. नव्या नराला तो वास सांगतो की इथे उशीर झाला. गंमत म्हणजे हेच द्रव्य नराच्या अंगावर असतं तेव्हा मादीला ते आवडतं. रेणू तोच, पण वास कुणी घेतला त्यावर अर्थ ठरतो. ही उकल २००७ साली झाली.

नकाराचं नराला काही वाटतं का? दारूचा प्रयोग खरा आहे का?

वाटतं की नाही ते सांगता येणार नाही, पण लक्षात राहतं हे नक्की. सिगल आणि हॉल यांनी १९७९ साली दाखवलं, की मीलन झालेल्या मादीकडून तासभर नकार खाल्लेला नर नंतर तयार असलेल्या कुमारी मादीपुढेही निरुत्साही राहतो. दोन-तीन तासांत तो सावरतो. नकाराचा तास लांबवून कित्येक तासांचा केला, तर आठवण एक दिवसाहूनही जास्त टिकते. स्मृतीच्या अभ्यासात हा प्रयोग आजही केला जातो.

दारूचाही खरा आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही नरांना चार दिवस नकार मिळेल अशी व्यवस्था केली, काहींना भरपूर मीलन मिळू दिलं. मग दोघांपुढे साधं खाणं आणि १५ टक्के अल्कोहोल घातलेलं खाणं ठेवलं. नाकारलेले नर अल्कोहोलकडे जास्त वळले. त्यांच्या मेंदूत न्यूरोपेप्टाइड एफ हा रेणू कमी झालेला होता, आणि तो कृत्रिमरीत्या वाढवला की ओढ ओसरली. वर्तमानपत्रांनी याचं लगेच देवदासपण करून टाकलं. अभ्यासाचं म्हणणं इतकंच, की मीलनाचं आणि अल्कोहोलचं सुख मेंदूत एकाच वाटेने जातं.

मादी कशावर भाळते?

थोडक्यात सांगायचं तर चिकाटी, बरोबर ठेक्याचं गाणं, योग्य वास आणि अंगकाठी. मोठे नर सहसा बाजी मारतात. पण ‘मादीला हे आवडतं’ असं म्हणताना फार जपून राहावं लागतं. त्यासाठी पिवळ्या माशीची गोष्ट ऐका.

१९१५ साली आल्फ्रेड स्टर्टव्हंट या तरुण संशोधकाने फळमाशीच्या प्रणयाराधनावर पहिला भरघोस लेख लिहिला. (जनुकांचा पहिला नकाशा १९१३ साली काढला तोही यानेच.) ‘यलो’ या जनुकात बिघाड झालेले नर अंगाने पिवळसर असतात, आणि माद्यांकडे त्यांची डाळ फारशी शिजत नाही, हे तेव्हाच लक्षात आलं होतं. का? १९५६ साली मार्गारेट बॅस्टॉकने पिवळ्या नरांचं वागणं बारकाईने नोंदवलं. ते पंख कमी थरथरवतात, आराधनेत ढिले पडतात, म्हणून माद्या त्यांना नाकारतात असा निष्कर्ष निघाला. एक जनुक वागणूक बदलतं याचं हे जुनं, आवडतं उदाहरण झालं आणि पुढची साठ वर्षं शिकवलं गेलं.

२०१९ साली एका गटाने हे जनुक शरीराच्या एकेका भागात चालू-बंद करून पाहिलं. मेंदूत बंद केलं, काही फरक नाही. पंखांचं गाणंही दोषी ठरेना. शेवटी चोर सापडला तो पुढच्या पायांवरच्या त्या फणीत. यलो जनुक नसेल तर फणीच्या दातांत काळं मेलॅनिन भरत नाही आणि नराला मादीवर चढताना पकड नीट बसत नाही. फक्त फणीत जनुक पुन्हा चालू केलं आणि नर यशस्वी झाले. शंभर वर्षं ज्याला मादीचा नकार समजत होतो, त्याचं बरंचसं मूळ नराच्या निसटत्या पकडीत होतं.

तेव्हापासून कुणी ‘माद्यांना अमुक आवडतं’ म्हणालं की मी आधी विचारतो, आवडत नव्हतं की जमत नव्हतं?

वास नसेल तर?

इथे उत्तर अपेक्षेच्या उलट निघालं. मेणचट थरातले रेणू तयार करणाऱ्या पेशीच काढून टाकल्या तर गंधहीन मादी नावडती होईल असं वाटतं. प्रत्यक्षात नर तिच्यामागे जास्तच लागतात, आणि दुसऱ्या जातीचे नरसुद्धा! म्हणजे अंगावरचा वास नुसतं निमंत्रण नाही, तो बराचसा पहारेकरी आहे. मेलानोगास्टर मादीच्या अंगावरचा ७,११-हेप्टाकोसाडाइन हा रेणू स्वजातीच्या नराला चेतवतो आणि सिम्युलन्सच्या नराला थोपवतो.

हे सगळं कोण शिकवतं? की जन्मतःच येतं?

एकट्याने वाढवलेला, आयुष्यात दुसरी माशी न पाहिलेला नरही पहिल्याच भेटीत गातो. म्हणजे मूळ आराखडा जन्मजात, आणि अनुभवाने त्याला मुरड पडते.

या आराखड्यामागचं सर्वात गाजलेलं जनुक म्हणजे फ्रूटलेस. १९६३ साली कुलबीर गिल यांनी अशा नरांची नोंद केली जे इतर नरांचीही मनधरणी करत आणि ज्यांना संतती होत नसे. पुढे कळलं की हे जनुक नर आणि मादी दोघांतही असतं, पण त्याचा संदेश दोघांत वेगवेगळ्या तऱ्हेने कापून जोडला जातो. २००५ साली व्हिएन्नामध्ये डेमिर आणि डिक्सन यांनी मादीच्या शरीरात हा संदेश नराच्या पद्धतीने जोडायला लावला, आणि ती मादी दुसऱ्या माद्यांच्या मागे लागून पंख थरथरवू लागली. शरीर मादीचं, चाल नराची.

त्याहून विलक्षण प्रयोग २००८चा. क्लाइन आणि मीसेनबॉक यांनी विशिष्ट चेतापेशी प्रकाशाने चेतवता येतील अशा माश्या घेतल्या आणि त्यांचं डोकं काढून टाकलं (माशी डोक्याविना बराच वेळ जिवंत उभी राहते). प्रकाश टाकताच धड गाऊ लागलं. माद्यांची धडंसुद्धा गायली, जरा बेसूर. म्हणजे गाण्याचं यंत्र दोघांच्याही छातीत बसवलेलं आहे, पण मनधरणीसाठी मादीचा मेंदू ते सुरू करत नाही. नराच्या मेंदूत ते सुरू करणाऱ्या पेशींना पी-१ म्हणतात. त्या चेतवल्या की नर पडद्यावरच्या हलत्या ठिपक्याचीसुद्धा आराधना करतो.

मीलनानंतर मादी बदलते का?

पार बदलते. वीर्याबरोबर सेक्स पेप्टाइड नावाचा ३६ अमिनो आम्लांचा एक लहानसा रेणू येतो. १९८८ साली तो ओळखला गेला, मादीतला त्याचा ग्राहक, म्हणजे तो ज्याला जाऊन चिकटतो तो रेणू, २००८ साली सापडला. त्याच्या प्रभावाखाली मादी अंडी भराभर घालते, जास्त खाते आणि नवे नर झिडकारते. हा रेणू शुक्राणूंच्या शेपटीला चिकटून मादीच्या शरीरातल्या शुक्राणूंच्या साठ्यात राहतो आणि थोडा थोडा सुटत जातो, म्हणून परिणाम आठवडाभर टिकतो.

नराचा फायदा तो मादीचा तोटाही असू शकतो. १९९५ सालच्या प्रयोगांत दिसलं की नराच्या ग्रंथींतल्या स्रावामुळे मादीचं आयुष्य घटतं. मग १९९९ साली हॉलंड आणि राइस यांनी उलटा डाव मांडला. एक नर, एक मादी, दुसरं कुणी नाही, अशा सक्तीच्या एकनिष्ठेत त्यांनी चाळीसहून अधिक पिढ्या वाढवल्या. त्या वंशातले नर माद्यांना कमी त्रासदायक निघाले. दोघांचं हित एकाच जोडीत अडकलं की भांडायला कारण उरत नाही.

नर काहीच निवडत नाही? दिसेल तिच्यामागे लागतो?

बरीच वर्षं असंच मानलं गेलं, आणि त्यात अँगस बेटमनच्या १९४८च्या प्रयोगाचा मोठा वाटा. बाटलीत मोजके नर आणि तितक्याच माद्या ठेवून, पिल्लांतल्या खुणांवरून (आईबापाकडून आलेल्या, डोळ्यांना दिसणाऱ्या वेगळेपणावरून) कोणतं अपत्य कुणाचं हे त्याने ओळखलं. जास्त माद्या मिळवल्याने नराची संतती वाढते, जास्त नर मिळवून मादीची तितकी वाढत नाही, असं त्याला दिसलं. २०१२ साली पॅट्रिशिया गोवाटी आणि सहकाऱ्यांनी तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा खोट सापडली. ज्या पिल्लांत आई आणि बाप दोघांच्याही खुणा एकत्र येत, त्यातली बरीच मोठी होण्याआधीच मरत होती. म्हणजे मोजणीच लंगडी होती.

नर निवडतोही. त्याला मोठ्या, जास्त अंडी देणाऱ्या माद्या पसंत असतात. आणि मनधरणी फुकट नाही. पार्ट्रिज आणि फार्कर यांनी १९८१ साली दाखवलं, की रोज नव्या कुमारी माद्या मिळणाऱ्या नरांचं आयुष्य कमी भरतं.

माद्या एकमेकींचं बघून नर निवडतात हे खरं?

हो. नरांच्या अंगावर गुलाबी आणि हिरवी पूड टाकून हे पाहिलं गेलं. एका मादीने गुलाबी नर स्वीकारलेला दुसरीने पाहिला, तर तीही पुढे गुलाबीकडे झुकते. २०१८ साली याच पद्धतीने दाखवलं गेलं की ही आवड एकीकडून दुसरीकडे, पुढे तिसरीकडे पसरू शकते. त्याला ‘संस्कृती’ म्हणायचं का यावर वाद घालायला मला आवडतो, पण तो इथे नको.

खाण्यावरून जोडीदार ठरतो म्हणे?

काही अंशी. १९८९ साली डायेन डॉड यांनी ड्रोसोफिला स्यूडोऑब्स्क्युरा या जातीचे काही गट स्टार्चवर, काही माल्टोज या साखरेवर पिढ्यान्‌पिढ्या वाढवले. पुढे स्टार्चवाले स्टार्चवाल्यांशी जास्त जमले. हे टिकून आहे. २०१० साली मेलानोगास्टरमध्ये अशी पसंती एकाच पिढीत येते आणि आतड्यातल्या जिवाणूंमुळे येते, असा दावा झाला. त्यावर खूप लिहिलं गेलं, पण २०१७ साली दुसऱ्या गटाला तसं काही आढळलं नाही. मी हा दावा सध्या बाजूला ठेवतो.

सगळ्या जाती अशाच वागतात?

अजिबात नाही. सबऑब्स्क्युरा जातीचा नर मादीपुढे डावीउजवीकडे नाचतो आणि पोटातला अन्नाचा थेंब तोंडात आणून तिला भरवतो. हे सगळं नजरेचं काम, म्हणून अंधारात त्यांचं जमत नाही. हवाई बेटांवर हेटेरोन्यूरा जातीच्या नरांचं डोकं हातोड्यासारखं रुंद असतं आणि ते कपाळ भिडवून भांडतात. आणि बायफर्का या जातीच्या नराचा शुक्राणू उलगडला तर ५.८ सेंटिमीटर भरतो, म्हणजे माशीच्या लांबीच्या वीसेक पट. तो गुंडाळी करूनच द्यावा लागतो.

बागेतल्या फळमाशीचं काय?

तिची मनधरणी माणसाने शस्त्र म्हणून वापरली आहे. ओरिएंटल फळमाशीचे नर मिथाइल युजेनॉल या द्रव्यावर तुटून पडतात. ते ते खातात, शरीरात त्याचं गंधद्रव्य बनवतात आणि संध्याकाळी माद्यांना बोलवायला सोडतात. सापळ्यात हेच द्रव्य ठेवलं की नर आपण होऊन येतात.

भूमध्य फळमाशीसाठी वंध्य केलेले नर हवेत सोडण्याची पद्धत आहे. त्यात अडचण ठरली ती मादीची निवड. कारखान्यात वाढलेले नर रानटी माद्यांच्या पसंतीस कमी उतरत. उपाय असा निघाला, की सोडण्याआधी त्यांना आल्याच्या तेलाचा वास द्यायचा. तो दिला की त्यांची सरशी वाढते. अत्तर लावून मुलगी बघायला पाठवण्याचाच प्रकार.

स्वतः बघायचं तर काय करावं?

भिंग, नाण्याएवढी पारदर्शक झाकणाची डबी आणि सुमारे २५ अंश तापमान पुरे. कोषातून बाहेर आलेल्या माश्या आठ तासांच्या आत वेगळ्या करा, कारण त्यानंतर नर कामाला लागतात. नर एकेकटे ठेवा, माद्या एकत्र चालतील. चार-पाच दिवसांनी एक नर, एक मादी डबीत सोडा. त्या दिवशी त्यांना बेशुद्ध करू नका, तोंडाने ओढायच्या नळीने उचला. दहा मिनिटांपैकी किती वेळ नर आराधनेत घालवतो ते मोजा. त्या प्रमाणाला आराधना निर्देशांक म्हणतात.

आठ तासांचं मात्र मनावर घ्या. माझ्या पहिल्या प्रयोगात मी सकाळी उठायचा कंटाळा केला आणि दुपारी माद्या वेगळ्या केल्या. ‘कुमारी’ अशी चिठ्ठी लावलेल्या माद्यांनी सगळ्या नरांना लाथाडलं, आणि हे नरच मंद आहेत असं मी वहीत झोकात लिहिलं. आठवड्याने त्या माद्यांच्या नळीत अळ्या वळवळत होत्या.